जिला काटा टोचला नाही

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर पिंपळाच्या पानाची आकृती काढत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, चाकूरहून फोन हाय." फोनवर माझा थोरला भाऊ दगडू होता. "गयाआत्या गेली. निघ लवकर." काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पायाला काटा लागला होता." आमच्या भागात ज्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. सुईनं उकरायचा, वरून बिब्ब्याचा चटका द्यायचा आणि कामाला लागायचं, एवढीच त्याची कथा. "काटा लागून कुणी मरतं का, दादा?" मी जवळजवळ ओरडलोच. टेबलापलीकडच्या क्लार्कनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दगडू म्हणाला, "ये तर आधी…"

नांदेड-लातूर गाडीत खिडकीशी जागा मिळाली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. यंदाही पावसानं आमच्याकडे पाठ फिरवली आहे. रस्त्याच्या कडेला टँकरची वाट बघत घागरींची रांग, रांगेच्या टोकाला माणसांपेक्षा जास्त कुत्री. एरवी या रस्त्यावर मी झाडं ओळखत बसतो. ती सवय मला गयाआत्यानंच लावली. त्या दिवशी करंज कोणता आणि कडुनिंब कोणता, तेही मला दिसत नव्हतं. गावात कुणाच्याही पायात काटा मोडला की तो लंगडत आत्याच्या ओट्यावर येई. लेकराला मांडीवर घेऊन, शिव्या देत, हसवत, ती असा काटा काढी की लेकरू विचारी, "निघाला का?" त्या बाईला काट्यानं न्यावं… मी शेजारच्या माणसाला विनाकारण वेळ विचारत राहिलो. त्यानं शेवटी घड्याळाचा हातच माझ्याकडे करून ठेवला.

गयाबाई माझ्या वडिलांची बहीण. तिला दिलं होतं इस्लापूरकडं, किनवटच्या जंगलाच्या कडेला. तिथं तिच्या सासूकडे कातडीच्या दुखण्यांचा इलाज होता. नवरा लवकर गेला आणि तान्ह्या कमलला घेऊन आत्या माहेरी, चाकूरजवळच्या आमच्या गावी परत आली. येताना कपड्यांचं एक बोचकं आणि बिया-मुळ्यांची एक पिशवी, एवढंच आणलं. आमच्या बौद्ध वस्तीच्या कडेला वडिलांनी तिला एक खोली बांधून दिली, पुढे एक ओटा केला. त्या ओट्यावर तिनं सगळं आयुष्य काढलं. नायट्याला टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून, खरजेला करंजाच्या तेलात गंधक घालून, नागिणीला दूर्वा आणि तांदळाचा लेप, टाचेच्या भेगांना राळ आणि मेण. बिब्बा उतून कुणाचं तोंड सुजलं तर चिंचेचा पाला आणि खोबरं. तिची बोटं कायम तेलानं काळपट असत आणि तिच्या लुगड्याला करंजाचा कडवट वास येई. मोठं झाल्यावर मी तिला विचारलं होतं, हे सगळं खरंच लागू पडतं का. ती म्हणाली, "निम्मं पडतंय. निम्मं आपोआप बरं हुतंय, त्येचंबी नाव माझंच हुतंय."

मृत माणसाबद्दल लिहिताना तो साधा-भोळा होता असं लिहायची पद्धत आहे. गयाआत्या मुळीच तशी नव्हती. तिला मानपान लागे. कुणी 'डाक्टरीणबाई' म्हणालं की तिचा चेहरा उजळे, आणि कुणी नुसतं 'गये' म्हणालं की त्याच्या लेपात ती लिंबू जरा जास्तच पिळत असावी असा माझा संशय आहे. बाजारात दुकान असलेले आप्पा, म्हणजे गावातले मोठे लिंगायत व्यापारी, त्यांच्या घरचं आणि तिचं भांडण तर गावभर गाजलं होतं. आप्पांच्या बायकोच्या मनगटावर कोडाचा डाग होता. आत्यानं बावचीचं तेल दिलं आणि सांगितलं, सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसा. आप्पांना वाटलं, थोड्या उन्हानं थोडं बरं होतं तर जास्त उन्हानं लवकर होईल. बाईंना भर दुपारी गच्चीवर बसवलं. मनगटावर टरारून फोड आले. आप्पा तणतणत आमच्या वस्तीत आले. ओट्यावर न चढता खालूनच ओरडले, "इलाज करायलीस का जाळायलीस माणसाला?"

आत्या पाटा-वरवंटा न थांबवता म्हणाली, "आप्पा, गुळाचा चहा पिता का तुमी?"

"पितो. त्येचं काय?"

"मग सगळी ढेपच का टाकत न्हाई कपात? लवकर गोड हुईल की."

ओट्यावर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आप्पाही मिशीत हसले, असं लोक सांगतात. मला तेवढं आठवत नाही. पण त्या फोडांवर कोरफड लावायला आत्याच त्यांच्या घरी जायची, आणि पहिल्यांदा मागच्या दारानं जाणारी ती शेवटी शेवटी पुढच्या दारानं जाऊ लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. डाग मात्र गेला नाही. तेही ती कबूल करी.

माझ्यावर तिचे उपकार कुठून सांगायला सुरुवात करावी? बहात्तरच्या दुष्काळात आमचं सगळं घर खडी फोडायच्या कामावर होतं. प्यायला पाणी नाही तिथं आंघोळ कुठली. लेकरांच्या बोटांच्या बेचक्यात खरूज झाली आणि बघता बघता ती कामावरच्या सगळ्या झोपड्यांत शिरली. माझे हात तर असे झाले की पेन्सिल धरता येईना. शाळेत गुरुजींनी मला दाराबाहेर बसवलं. त्यांनी जातीवरून बसवलं नव्हतं. त्यांच्या घरी लहान मुलं होती आणि ते खरजेला घाबरले होते. पण बाहेर बसलेल्या मुलाला त्यातला फरक कळत नाही. मी शाळा सोडतो म्हणालो. वडील म्हणाले, सोड, खडी फोडायला एक घण वाढेल. आत्या मधे पडली. "त्येचे हात बरे करायचा जिम्मा माझा. बरे झाले न्हाईत तर मग द्या घण."

तिची एक अट असे. खरजेचं औषध ती एकट्याला देत नसे. झोपडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, म्हातारीनंही आणि तान्ह्यानंही, खाज असो वा नसो. कुणी म्हणे, मला काय झालंय? तर ती म्हणे, "झालं न्हाई म्हणूनच लाव. झाल्यावर तर सगळेच लावतात." कपडे उकळायला पाणी नव्हतं, म्हणून तिनं ते दुपारच्या तापलेल्या खडीवर पसरायला लावले. वैशाखातल्या त्या उन्हात, गंधकाचा वास मारत, सगळी झोपडपट्टी अर्ध्या कपड्यांनिशी एकमेकांकडे बघून हसत बसली होती. दुष्काळातलं मला आठवणारं एवढंच हसू. माझे हात बरे झाले. शाळा उघडल्यावर ती स्वतः माझ्याबरोबर आली, माझे दोन्ही हात गुरुजींच्या तोंडासमोर धरले आणि म्हणाली, "बगा गुरुजी. आता आत घ्या." त्यांनी घेतलं. त्या आत घेण्यावर माझं पुढचं सगळं शिक्षण उभं आहे, आमच्या घरातलं पहिलंच.

त्याच कामावर सायकलवरून एक माणूस यायचा. महारोगाची तपासणी करायची त्याची सरकारी नोकरी. अंगावरच्या फिकट चट्ट्यावर तो पीस फिरवून विचारी, लागतंय का. आत्या त्याच्यामागे हिंडून सगळं पाहत राही. त्यानंच तिला शिकवलं की जो चट्टा खाजत नाही, दुखत नाही, ज्याला काही कळतच नाही, तोच वाईट. आणि हेही शिकवलं की दवाखान्यातल्या गोळ्यांनी तो बरा होतो. तेव्हापासून तिच्या ओट्यावर एक रीत पडली. नवा माणूस चट्टा दाखवायला आला की ती त्याच्या डोळ्यांवर स्वतःचा पदर टाकी आणि बाभळीच्या काट्याचं टोक चट्ट्याला हलकंच लावी. पीस तिला पटत नसे. "टोचलं की हाव म्हण. उगंच हाव म्हणू नको, माझ्या मायला." ज्याला टोचलं नाही त्याला ती औषध देत नसे. "ह्ये माझ्या इलाजातलं न्हाई. सरकारी दवाखान्यात जायचं. आजच."

एकदा शेजारच्या गावच्या एका चांगल्या बागायतदाराच्या घरची बाई आली. काटा टोचला नाही. ती रडायला लागली तेव्हा आत्यानं ओटा बंद केला आणि तिला घेऊन थेट लातूरची गाडी पकडली. बाईनं गोळ्या खाल्ल्या, ती बरी झाली. पुढे कधीतरी आत्या तिला भेटायला म्हणून त्या गावी गेली होती. परत आली ती सरळ जात्यावर बसली. आईनं खोदून विचारल्यावर म्हणाली, "रोग गेलाय गं. पण तिचं ताट अजून गोठ्यातच हाय."

मी नांदेडला कॉलेजात होतो तेव्हा लातूर जिल्हा झाला. आमचं गाव त्या जिल्ह्यात आलं. सुट्टीला आलो तर चाकूरच्या बाजारात पेढे वाटणं चाललेलं. आत्याला मी विचारलं, "आत्या, आता जिल्हा झाला, लातूरला मोठा दवाखाना होईल. तुझं कसं?" ती म्हणाली, "जिल्हा झाला म्हणून लोकांची खाज थांबती का? उलट आता साहेबबी खाजवत येतील." त्या संध्याकाळी ती बाजारातून घरी आली तीच उजवा हात समोर धरून. आम्हाला वाटलं, भाजलं की काय. तिनं तळहात उघडून दाखवला. पेढ्याच्या साखरेनं तो चिकट झाला होता. "आप्पाच्या बायकोनं चारचौघांत माझा हात धरला अन् पेढा तळहातावर ठिवला. वरून टाकला न्हाई." वडील म्हणाले, पेढ्याचं काय एवढं. ती चिडली. "पेढ्याचं कोण बोलायलंय? हात धरला म्हणते मी." तिनं तो हात त्या दिवशी लगेच धुतला नाही. आम्ही सगळे तिला हसलो. तीही हसली… आज हे लिहिताना मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मी सरळ तिच्या ओट्यावर गेलो आणि पाया पडायला वाकलो. तिनं चटकन दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "पाया पडायचे दिवस गेले, सुभाष. उभा ऱ्हा. जयभीम कर." मी उभा राहिलो, जयभीम केला. तिनं माझ्या दोन्ही हातांची बोटं एकेक करून तपासली, जणू खरूज परत आली आहे की काय ते बघत होती, आणि मग तिचे डोळे भरून आले. हा प्रसंग मी कितीतरी ठिकाणी सांगितला. शाळेत आंबेडकर जयंतीच्या भाषणात तर दरवर्षी सांगतो. एक अडाणी बाई, पण माणसानं माणसापुढे वाकू नये हे तिला कळलं होतं, असं मी सांगायचो. टाळ्या पडायच्या.

गाडीतून उतरून गावात पोचलो तेव्हा सगळं थांबलं होतं ते माझ्यासाठीच. अंत्यसंस्कार झाले. वस्ती तर होतीच, बाजारातलीही माणसं आली होती. आप्पा काठी टेकत आले होते. नंतर दगडूनं मला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. आत्या टाकळ्याचं बी गोळा करायला माळावर गेली होती. तिथं कधीतरी काटा लागला असावा. तिनं कुणाला सांगितलं नाही. पायाला चिंधी बांधून ती नेहमीसारखी वावरत राहिली. कमलनं विचारलं तर म्हणे, जरा खरचटलंय. मग एका सकाळी तापानं उठता येईना. चिंधी सोडली तर पाय घोट्यापर्यंत काळा-निळा. जीप करून लातूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाचेतून काटा काढला. बोटाच्या पेराएवढा लांब, आडवा मोडलेला. डॉक्टर तरुण होते, त्यांनी घाईनं दगडूलाच विचारलं, "एवढा काटा आत असताना ह्या चालत होत्या? ह्यांना दुखलं कसं नाही?" मग त्यांनीच तिचे पाय नीट तपासले. दोन्ही तळपायांना काही कळत नव्हतं. पोटरीवर जुना चट्टा होता. जखमेचं विष अंगभर गेलं होतं. डॉक्टरांनी सगळे उपाय केले. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही.

"महारोग," दगडू हळूच म्हणाला. "बऱ्याच वर्षांचा, म्हणाले डाक्टर. गोळ्या घेतल्या असत्या तर बरा झाला असता, म्हणाले."

मी म्हणालो, "शक्य नाही." हे मी किती वेळ म्हणत राहिलो कोण जाणे. सगळ्या गावाच्या अंगाला काटा लावून पाहणारी बाई. स्वतः माणसांना हाताला धरून लातूरला नेणारी बाई. गोळ्यांनी बरं होतं हे आम्हा सगळ्यांआधी जिला माहीत होतं ती. माझा मेंदू एकाच गोष्टीला धरून बसला… तिला स्वतःला कळलं नसणार. आपल्या तळपायाचं आपल्याला काय कळतं? आयुष्यभर खडी, माळ, अनवाणी चालणं. कातडी जाड झाली असेल असं तिला वाटलं असेल. तिला कळलं नसणार.

कमल कोपऱ्यात बसली होती. गावातल्या बालवाडीत ती शिकवते. तिचा आवाज तिच्या आईसारखाच जाडसर आहे. ती म्हणाली, "कळलं होतं दादा तिला."

मग तिनं सांगितलं. काही वर्षांपूर्वी दुपारची ती बालवाडीतून लवकर घरी आली. ओट्यावर कुणी नव्हतं. आत आई भिंतीला टेकून बसलेली, पाय लांब केलेले, डोळे घट्ट मिटलेले. हातात काटा. ती स्वतःच्याच तळपायाला जागोजाग काटा लावत होती आणि प्रत्येक वेळी थांबत होती. "मी म्हणलं, आय, काय करायलीस? तशी दचकली. म्हणली, काटा मोडलाय, काढायले." कमल पुढे म्हणाली, "मोडलेला काटा डोळे मिटून कुणी काढतं का, दादा? मला तवाच कळाया पाहिजे होतं."

त्या क्षणी मला ते लुगड्याखाली ओढून घेतलेले पाय आठवले. मी खोलीबाहेर आलो. मी किती टाळ्या घेतल्या होत्या त्या पायांवर! तेव्हा तिनं मला माणसासारखं उभं राहायला सांगितलं, की माझा हात तिच्या पायाला लागू दिला नाही? मला वाटतं, दोन्ही खरं असावं. पण हे आता तिला विचारता येणार नाही आणि यापुढे मी जयंतीला काय बोलायचं तेही मला कळत नाही.

ती दवाखान्यात का गेली नाही, हा प्रश्न मला डॉक्टरांनी विचारला, शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारला. अज्ञान म्हणावं तर तिला सगळं ठाऊक होतं. मला जे उत्तर दिसतं ते असं. ती जन्मली तेव्हा तिच्या सावलीचाही लोकांना विटाळ होत होता. मग त्याच लोकांनी आपल्या लेकरांच्या माना, आपल्या बायकांची मनगटं तिच्या बोटांखाली दिली. तळहातावर पेढा ठेवला. दवाखान्यातल्या गोळ्यांनी पाय बरे झाले असते, पण गोळ्या घ्यायला गेलेली गयाबाई लातूरच्या त्या रांगेत कुणीतरी पाहिली असती. आणि गोठ्यातलं ताट तिनं पाहिलेलं होतं. एकदा न शिवण्याजोगी म्हणून जगून झालं होतं. पुन्हा तसं जगण्यापेक्षा तिनं ते काटे सोसले… सोसले तरी कसं म्हणू? तिला ते लागतच नव्हते.

दगडूचं म्हणणं होतं की हे चार भिंतींत ठेवावं. त्याच्या म्हणण्यात वाईट हेतू नव्हता. कमलचं लग्न ठरत आलेलं, उदगीरकडचं स्थळ, मुलगा एस.टी.त कंडक्टर. "साप चावला म्हणून सांगू. पायाचंच हाय, पटतंय लोकाला." सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण घरात शिकलेला मी. कमलच म्हणाली, "साप चावला म्हणलं तर मी तपासून कसं घेऊ? साप चावलेल्या बाईच्या लेकीला कोण तपासतंय?" दुसऱ्या दिवशी ती लातूरला गेली, मला बरोबर घेऊन. त्या रांगेत ती डोक्यावर पदर न घेता उभी राहिली. तिला काही निघालं नाही. घरातल्या बाकी सगळ्यांनाही तिनं तपासायला लावलं. दगडू कुरकुरला, तर म्हणाली, "झालं न्हाई म्हणूनच जा." डॉक्टरांनी हेही समजावलं की हा रोग असा हाताला हात लागून लगोलग होत नसतो, आत्याच्या हातांवर तर तसं काहीच नव्हतं, कुणी घाबरायचं कारण नाही. कमलनं उदगीरच्या लोकांना स्वतःच्या हातानं पत्र लिहून हे सगळं कळवलं. त्यांचं अजून उत्तर आलेलं नाही. हा लेख मी तिला वाचून दाखवला आहे. "नाव गाळू का तुझं?" असं विचारलं. ती म्हणाली, "माझ्या आयचं ठिवताय ना? मग माझं कशाला गाळता?"

गेल्या रविवारी मी गावी गेलो होतो. कमल ओट्यावर टाकळ्याचं बी ताकात वाटत होती. बालवाडीला सुट्टी असली की ती बसते आता तिथं. तेवढ्यात आप्पांची सून आली, चार-पाच वर्षांच्या मुलीला घेऊन. पोरीच्या मानेवर नायट्याची गोल चकती. "लई खाजवायलीय बघ ही, कमल. रात्रभर झोपू देईना." गावात सापाचंच सांगून ठेवलेला दगडू आतून दारात आला आणि सुनेच्या पाठीमागून मला खूण करू लागला, हिला सांगू देऊ नको म्हणून. मी काही करायच्या आत कमलनं वरवंटा बाजूला ठेवला.

"वहिनी, आधी ऐका. माझ्या आयला साप चावला न्हवता. काटा लागला होता अन् तिला कळला न्हाई. तिला महारोग होता. लई वर्सांचा. मला तपासलंय, मला न्हाई. असता तर गोळ्या खाल्ल्या असत्या. आता सांगा, लावू का?"

सून जागच्या जागी उभी राहिली. तिनं पोरीचा खांदा धरला. वस्तीतली एक बाई घागर घेऊन चालली होती, तीही थांबली.

"त्या आमच्या सासूबाईंच्या हाताला लावायच्या की," सून सावकाश म्हणाली. "किती वर्सं."

"हाव."

"लेकरांनाबी. ह्या पोरीला तर न्हाऊ-माखू घातलं त्यांनी."

"हाव. घातलं."

"मग?"

"मग काय? तुमच्या सासूबाईंना झालंय का काय?"

"त्यांना काय हुतंय," सून म्हणाली, "त्याच आमाला हुत्यात."

दगडू दारात हसला. सून मात्र हसली नाही. तिची नजर वाटीवर होती, कमलच्या बोटांवर होती. पोरीला हे काही कळत नव्हतं. ती ओट्याची पायरी चढून कमलच्या पुढ्यात जाऊन बसली, झबल्याचा गळा एका हातानं खाली ओढला आणि मान वाकवून वाट बघू लागली. तिची आई एक पायरी वर आली. खांद्यावरच्या हातानं तिनं पोरीला मागे ओढलं नाही आणि खांदा सोडलाही नाही. कमलनं वाटीत बोट बुडवलं आणि ते तसंच वर धरून ठेवलं. हिरवट ताक तिच्या मनगटाकडे ओघळायला लागलं.

"हात काढा वहिनी," ती म्हणाली. "साडीला लागंल."

मी तिच्या हाताकडे बघत होतो. पोर म्हणाली, "लाव की."

सुनेनं हात काढला.